जुनेरं

होळी झाल्यावर शालिकराम राजेगावला लेकीच्या सासरी गेला, तेव्हा त्याच्या सदऱ्याला छातीवर बटनाच्या जागी सेफ्टी पिन लावलेली होती. बसमध्ये ती कोणाच्या लक्षात आली नाही. विहीणबाईंच्या लक्षात आली.

गोदाबाईंनी पाण्याचा लोटा दिला, गुळाचा खडा दिला, खाटेवर बसवलं. स्वतः जरा लांब, भिंतीला टेकून बसल्या. बोलणं उन्हाचं झालं, यंदाच्या मोहफुलांचं झालं, भरवेलीच्या खदानीचं झालं. मग शालिकरामनं बसमध्ये पाठ करत आणलेलं वाक्य म्हटलं.

"इहिनबाई, विमलाचं पहिलं बाळंतपण हाये. ते आमच्या घरी व्हावं. न्याले येतो म्हणतो."

"माही बी तेच इच्छा होती," गोदाबाई म्हणाल्या. "अनुसयाबाई राहिल्या असत्या तं मी विचारलंबी नसतं. पेटी बांधून धाडली असती पोरगी. पन आता तुमच्या घरी बाई कोन हाये, इवाई?"

"शेजारी रुख्माबाई हायेत. लाईनीत दाई हाये. खदानीचा दवाखाना हाये."

"शेजारीन शेजारीनच राह्यते. लेकरू रडलं, दुपटं ओलं झालं, बाळंतिनीले घोटभर ऊन पानी पाहिजेन, तं कोन उठन? तुमी?" बोलता बोलता त्यांची नजर पिनेवर येऊन थांबली. "तुमाले सोताचं बटन लावता येत नाही."

शालिकरामचा हात आपोआप पिनेवर गेला. बाई खोटं बोलत नव्हत्या. पौषात बायको, अनुसया, गेली तोपर्यंत त्यानं घरात उठून कधी पाणीसुद्धा ओतून घेतलं नव्हतं. तीन दिवसांचा ताप, छातीत घरघर, आणि संपलं. तिच्यामागं तो भात करायला शिकला होता, तोही अर्धा कच्चा, अर्धा लागलेला.

"सातवा महिना सरायच्या आत या एक डाव," गोदाबाई उठत म्हणाल्या. "आठव्यात पोरीले हलवत नाही आमच्यात. तवर पाहू तुमच्या घराचा काय रंग राह्यते."

विमला अंगणाच्या कुडापर्यंत पोचवायला आली. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता. ती लहानपणी रडू आवरायची ते असंच.

"बाबा, मले ने," ती हळूच म्हणाली. "आई नाही तं नाही. तिचं घर तं हाये ना. मले तिथं राह्यचं हाये."

"नेतो," शालिकराम म्हणाला.

लेकीला दिलेला शब्द घेऊन तो बसमध्ये बसला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. दुसरं, तिसरं कुठंही होवो. पहिलं एकदाच येतं.

*

भरवेलीला खदानीच्या मजुरांच्या लाईनीत त्यांची खोली होती. पुढं पडवी, आत चूल, आणि खिडकीखाली अनुसयाची शिलाई मशीन. अनुसया लाईनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. ती गेल्यापासून मशीनवर तिचंच एक लुगडं झाकून ठेवलेलं होतं, आणि मँगनीजची काळी भुकटी त्यावरही बसली होती, जशी ती तिथं सगळ्यावरच बसते.

शालिकरामनं लुगडं काढलं, बाहेर नेऊन झटकलं, घडी करून पेटीवर ठेवलं. मग मशीनपुढं बसला. एखाद्या साहेबापुढं बसावं तसा, हात मांडीवर ठेवून.

तो खदानीत ड्रिल धरायचा. दगडात भोक पाडायचं, त्यात दुसरा माणूस सुरुंगाची दारू भरायचा. वीस वर्षं ड्रिल धरून त्याच्या हातांत थरथर भरून राहिली होती. पाळी संपून घरी आलं तरी ती उतरायची नाही. चहाची कपबशी वाजायची. अशा हातांनी सुईत दोरा घालायचा होता. त्यानं दोरा ओला केला, पिळला, एक डोळा मिटला. दोरा सुईच्या इकडून गेला, तिकडून गेला, नेढ्यातून काही गेला नाही. शेवटी त्यानं उठून शेजारच्या दारात हाक मारली.

"रुख्माबाई."

"काय पाहिजेन? मीठ का तिखट?"

"शिवाचं शिकाचं हाये."

मग रुख्माबाई काठी टेकत बाहेर आली. अनुसयेला मशीन शिकवली ती हिनंच. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस तिला आवाजावरून ओळखू यायचा, आणि कापड बोटांवरून.

"काहून?" तिनं विचारलं. "बाजारात दर्जी मेले काय?"

"इहिनबाई म्हणते, तुमाले बटन लावता येत नाही. पोरगी कशी धाडू."

रुख्माबाईनं थोडा विचार केला. "हे म्हणनं बराबर हाये तिचं," ती म्हणाली. "शिकवते. पन मी आत येनार नाही शालिकभाऊ. तुमी एकटे, मी एकटी, आन् लाईनीले काम काय दुसरं. उंबऱ्यावर बसते. तिथूनच ऐकते."

"ऐकाचं काय त्यात?"

"मशीन चालवा, मंग सांगते."

तसंच ठरलं. पाळीवरून आल्यावर, उजेड असेपर्यंत, शालिकराम मशीनवर बसायचा आणि रुख्माबाई उंबऱ्यावर त्याच्याकडं पाठ करून, मांडीवर सूप घेऊन लाखोळीच्या डाळीतले खडे बोटांनी चाचपत बसायची. दोरा मात्र ती ओवून द्यायची, तोही न बघता, जिभेनं टोक चपटं करून.

पहिल्या दिवशी त्यानं पायडलवर पाय ठेवला आणि चाक उलटं फिरलं. दोरा तटकन तुटला.

"उलटं गेलं," रुख्माबाई म्हणाली. "पायडल हाये ते, सायकल नाही. कुठी निघाले, गोंदियाले?"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा चाक सुलटं गेलं, पण इतक्या जोरात की कापड पळत सुटलं आणि शालिकरामचं बोट सुईखाली जाता जाता वाचलं.

"हळू. ड्रिल नाही धरली तुमी. दाबू नका. कापड सोताच जाते पुढं, त्याले फक्त रस्ता दाखवाचा." मग जरा थांबून म्हणाली, "आन् नव्या कापडावर शिकू नका. पहिले जुनी चिंधी-बिंधी घ्या काही. नासन तं नासन."

चिंध्या कुठं असतील हे शालिकरामला माहीत नव्हतं. घरातली कुठलीच वस्तू कुठं असते हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं अनुसयाची पेटी उघडली. वर तिची दोन चांगली लुगडी, त्याखाली लग्नातलं, आणि सगळ्यांत खाली, पार तळाशी, एक गाठोडं. सोडून पाहिलं तर जुन्या लुगड्यांचे तुकडे. काठ फाडून टाकलेले. धुऊन धुऊन रंग उडालेले, हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटू नये इतके विरलेले. पिवळ्याचा पांढरा झालेला, हिरव्याचा राखाडी झालेला.

चिंध्या म्हणतात त्या ह्याच, असं त्याला वाटलं. त्यानं गाठोडं उचलून मशीनशेजारी ठेवलं.

*

त्या चिंध्यांवर शालिकराम शिवायला शिकला.

आधी सरळ रेघ. ती कधी सरळ आली नाही. पायवाटेनं बैल जावा तशी डुलत गेली. वरून खाली, खालून वर, एकाच तुकड्यावर दहा रेघा. मऊ कापड सुईखाली गोळा व्हायचं, चुणी पडायची, दोऱ्याचं जाळं व्हायचं. रुख्माबाई बाहेरून म्हणायची, "टाका सुटला," आणि खरंच सुटलेला असायचा. "खालचा दोरा संपला. आवाज पोकळ येऊन राह्यला." तोही संपलेला असायचा. मशीनमध्ये तेल घालताना जास्त सांडलं, ते त्यानं त्यातलाच एक तुकडा घेऊन पुसलं. पुढं तेलासाठी तो तुकडा तसाच राहिला.

"अनुसयाले किती दिवस लागले होते शिकाले?" त्यानं एकदा विचारलं.

"तिले? तिनं शिकता शिकताच दोन पोलके शिवून टाकले. दोनी माहेच. एकाची बाही उलटी लावली होती. मी तशीच घातली." रुख्माबाई हसली. मग सूप हलवायला लागली. शालिकरामनं पायडल मारलं.

खदानीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. त्याच्याच पाळीतला सुखराम पायजमा घेऊन हजर झाला.

"दादा, सुनते हैं दुकान खोली. माहा बी टाका घाला ना. मांडीवर उसवला हाये."

"मस्करी करतो काय बे?"

"मस्करी कायची. घरची म्हणते, शालिकदादाकडं द्या, त्याले सराव होईन."

शालिकरामनं पायजमा ठेवून घेतला. मन लावून शिवला. दुसऱ्या दिवशी सुखराम पायजमा हातात धरून तसाच परत आला. मांडीवरची शिलाई पक्की होती, फार पक्की होती. पुढचं आणि मागचं कापड एकत्र धरून शिवल्यामुळं एक पाय गुडघ्याच्या वर बंद झाला होता.

"काम पक्का हाये दादा," सुखराम गंभीर तोंडानं म्हणाला. "फक्त मले एक पाय काढून ठेवा लागन."

बऱ्याच महिन्यांनी शालिकरामला हसू आलं. ते आलं आणि मधेच कुठंतरी अडकलं, कारण हसता हसता तो सवयीनं चुलीकडं वळून बघायला लागला होता.

पण हात हळूहळू बसत गेला. उशांच्या खोळी झाल्या. जुन्या धोतराचे दोन पंचे झाले. रुख्माबाईनं खोळ हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं. "हौ. जमलं," एवढंच म्हणाली. सदऱ्याला बटन लागलं. ते काजापेक्षा जरा खाली लागलं होतं, त्यामुळं सदरा छातीवर थोडा वर ओढला जायचा, पण पिन गेली.

बटन लागल्यावर शालिकरामच्या मनात आलेलं काम त्यानं रुख्माबाईला सांगितलं नाही. लाज वाटली. बटन लावणं वेगळं. पन्नाशीला आलेल्या, ड्रिल मारणाऱ्या माणसानं तान्ह्या लेकराचं झबलं शिवणं वेगळं. शिवून दाखवू आणि मगच सांगू, असं त्यानं ठरवलं.

सुट्टीच्या दिवशी तो सायकल घेऊन बालाघाटला गेला. कापडाच्या दुकानात बायकांची गर्दी होती, ती कमी होईपर्यंत बाहेर उभा राहिला.

"बच्चे के लिए चाहिए. अच्छा, नया."

"कितने महीने का बच्चा है?"

"अभी आया नहीं. आने वाला है."

दुकानदारानं एकदा त्याच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलणार होता, पण दुसरं गिऱ्हाईक आलं. त्यानं गुलाबी फुलांचं छीट आणि पांढरं शुभ्र कापड फाडून कागदात बांधून दिलं.

माप कशाचं घ्यायचं हा प्रश्न होता. शालिकरामनं डोळे मिटून आठवलं. विमला झाली तेव्हा दाईनं ती त्याच्या हातावर ठेवली होती. डोकं तळव्यात आणि पाय कोपरापाशी. म्हणजे तळव्यापासून कोपरापर्यंत. त्यानं आपला हात कापडावर ठेवला आणि भोवतीनं कोळशानं रेघ मारली.

रुख्माबाई तेव्हा आठवडाभर मुलीकडं तिरोडीला गेली होती. उंबऱ्यावर कोणी नव्हतं. मशीनचा आवाज आता त्यालाच ऐकावा लागत होता, दोराही दहादा चुकत त्यालाच ओवावा लागत होता. तीन झबली झाली. दोन टोपडी. एक दुपटं, चौकोनी, चारही कोपरे दुमडलेलं. नवं कापड होतं, कडक, खळ लावलेलं. त्यावर शिलाई छान बसली. त्या मऊ चिंध्यांसारखं ते गोळा होत नव्हतं. सगळं इस्त्री केल्यासारखं दिसावं म्हणून त्यानं ते उशीखाली घालून ठेवलं. सकाळी काढून बघितलं की बरं वाटायचं. घराला काही रंग आलाय, असं वाटायचं.

*

रामनवमी झाली आणि शालिकराम राजेगावला निघाला. बटन लावलेला सदरा, हातात पिशवी, पिशवीत कागदात बांधलेली झबली.

अंगणात शिरल्या शिरल्या त्यानं पाहिलं, पडवीत विमलाची पेटी होती. दोरीनं बांधलेली. वर तिच्या चपला ठेवलेल्या. म्हणजे पोरगी न्यायला मिळणार होती.

गोदाबाईंनी पाणी दिलं. त्यांनी आधी बटन पाहिलं.

"कोनं लावलं?"

"मी."

"खाली लागलं हाये," त्या म्हणाल्या, पण तोंडावर हसू होतं. "बरं हाये. मानूस मनावर घेतो तं करतो. आमचा घनश्याम म्हणतच होता, मामा नेतील नीट. मी बी म्हटलं, जाऊ द्या. पोरीचा जीव तिकडं लागला हाये. रुख्माबाई राह्यतील ना घरी?"

"आजच आल्या तिरोडीहून. राह्यते म्हणल्या."

दाराच्या आत विमला उभी होती. पोट चांगलंच पुढं आलेलं. बापाकडं बघून ती डोळ्यांनीच हसली.

इथं शालिकराम गप्प बसला असता तर बसनं दोघं दुपारपर्यंत भरवेलीला पोचले असते. पण एवढ्या दिवसांची मेहनत पिशवीत होती. त्यानं पिशवीतून कागद काढला, खाटेवर ठेवला, आणि दोरी सोडली.

"इहिनबाई, हे पाहा. तुमी म्हणलं होतं ना, घरात बाई नाही. हे सगळं मी शिवलं."

त्यानं झबली एकेक करून मांडली. गुलाबी फुलांचं, पांढरं, परत गुलाबी. टोपडी. दुपटं त्यानं उलगडून धरलं.

गोदाबाईंचा चेहरा पाहून त्याचे हात थांबले.

त्या ओरडल्या नाहीत. पदर तोंडावर घेऊन त्या उठल्या आणि आधी दारापाशी जाऊन विमलाला म्हणाल्या, "आत जा. पाहू नको. आत जाय." मग परत येऊन खाटेपासून लांब उभ्या राहिल्या.

"लेकरू झालं नाही आन् तुमी नवं झबलं शिवलं?"

"हौ. त्याच्याचसाठी तं..."

"कोनं सांगतलं?"

"कोनी नाही. मीच."

"पोट मोकळं व्हायच्या आधी नव्या कापडाले टाका घालत नाही, इवाई. हे कोनाले शिकवा लागत नाही. घरात बाई राह्यली असती तं तिनं तुमचा हात धरला असता."

"मले माहीत नव्हतं."

"तेच तं म्हणून राह्यली मी पहिल्यापासून," गोदाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्या जरा वेळ अंगणातल्या तुळशीकडं बघत राहिल्या. "माह्या पहिल्या वेळेले माह्या मायनं हौसेनं कुंची शिवून आनली होती. लाल. आधीच. कुंची राहिली घरात. लेकरू नाही राहिलं."

शालिकराम दुपटं धरूनच उभा होता. ते कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

"लेकराच्या अंगाले पहिले जुनेरं लागते," गोदाबाई सांगत राहिल्या, लहान मुलाला सांगावं तसं. "मायच्या मायचं लुगडं. धुऊन धुऊन मऊ केलेलं. नवं कापड घासते त्याच्या कातडीले. नवं मंग, बारशाले. अनुसयाबाईनं ठेवलं असन ना बांधून? पोरगी पोटुशी म्हटल्यावर माय पहिले तेच काम करते. काठ फाडून, धुऊन, पेटीत तळाशी ठेवते. कुठी हाये ते? ते काहून नाही आनलं?"

शालिकरामला तेव्हा आठवलं. मार्गशीर्षातली सकाळ. विमलाला दिवस गेल्याचं पत्र नुकतंच आलं होतं. अनुसया पडवीत बसून जुनी लुगडी फाडत होती. काठ एकीकडं, कापड एकीकडं. मग सगळं राखेच्या पाण्यात उकळून उन्हात पसरलं. तो कामावर निघाला होता. "चिंध्या काय धुतेस?" असं त्यानं जाता जाता म्हटलं, आणि ती हसून म्हणाली होती, "तुमाले काय समजते त्यातलं."

"हाये," तो म्हणाला. "घरी हाये."

"मंग ते घेऊन या, वेळ आली की. हे वापस न्या. इथं नका ठेवू." गोदाबाईंनी आत हाक मारली, "घनश्याम, पेटी आत घे."

जावई बाहेर आला. त्यानं सासऱ्याकडं बघितलं नाही. चपला उचलून खाली ठेवल्या आणि पेटी दोन्ही हातांनी धरून आत नेली.

"इहिनबाई, माही चूक झाली," शालिकराम म्हणाला. "तिले त्याची शिक्षा नका देऊ."

"शिक्षा नाही, इवाई. भेव हाये. मले आता झोप लागनार नाही ती तिकडं राह्यली तं. इथं माह्या डोळ्यापुढं राहू द्या."

त्यानं झबली परत कागदात गुंडाळली. निघताना विमला आतल्या खोलीच्या खिडकीत उभी होती. ती बाहेर आली नाही. बाहेर येऊ नको असं तिला सांगितलेलं असणार.

*

रुख्माबाई उंबऱ्यावरच बसलेली होती. पावलांवरून तिनं ओळखलं की माणूस एकटाच आला आहे.

त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "चिंध्या आना इकडं."

त्यानं गाठोडं आणून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं एक तुकडा उचलला. बोटं कापडावरून फिरली, शिलाईवर अडखळली, पुढं गेली, पुन्हा अडखळली.

"हे तिचं पिवळं हाये. विमलाच्या वेळचं," ती म्हणाली. "अन् हे हिरवं. मले एक डाव हातात द्यायचं होतं ना शालिकभाऊ."

"तुमी म्हणलं, चिंधी घ्या."

"म्हणलं. माहीबी चूक हाये." तिनं डोळे पुसले, पण मोतीबिंदूनं ते तसेही नेहमी ओलेच असायचे. "झबल्याचं मले काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली."

रुख्माबाईनं मान हलवली. बराच वेळ ती त्या कापडावरून हात फिरवत राहिली. मग तिनं गाठोडं परत दिलं.

"उसवा," ती म्हणाली. "सगळं उसवा. ओढू नका, विरलेलं कापड फाटन. एकेक टाका कापाचा, मंग दोरा काढाचा. भोकं राह्यतील. धुतली की थोडी बुजतील."

दाढीचं ब्लेड घेऊन शालिकराम बसला. शिवताना मशीन होती, पाय मारला की टाके धावायचे. उसवायला मशीन नसते. एका पायडलमध्ये पडलेले टाके काढायला अर्धी संध्याकाळ जायची. हात थरथरायचे, म्हणून तो उजवं मनगट डाव्या हातानं धरायचा आणि मग ब्लेड लावायचा. तरी काही ठिकाणी कापड फाटलं. तिथं शिवून घ्यावं असं हाताला वाटायचं. तो हात मागं घ्यायचा.

तेलाचा तुकडा त्यानं सोड्यात भिजवला, उकळला, साबण लावून आपटला. डाग फिका झाला, गेला नाही. पिवळ्या तुकड्यावर पहिल्या दिवसाची रेघ होती, ती वेडीवाकडी. हिरव्यावर शेवटच्या दिवसांची होती, ती बरीच सरळ होती. दोन्ही सारखीच उसवावी लागली.

नवी झबली त्यानं मशीनच्या खणात ठेवली आणि खण लावून टाकला. बारशाला चालतील, असं रुख्माबाई म्हणाली. त्यानं ऐकून घेतलं.

*

ज्येष्ठात राजेगावहून निरोप आला. मुलगी झाली. लेकरू बारीक आहे, पण दूध ओढतं. बाळंतीण बरी आहे.

शालिकराम गाठोडं घेऊन गेला. गोदाबाईंनी यावेळी त्याला दारातून आत बोलावलं. खोलीत ओव्याचा आणि शेकाचा वास होता. विमला खाटेवर कुशीला पडली होती. लेकरू गोदाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं होतं. लाल, सुरकुतलेलं, मुठी मिटलेलं. शालिकरामच्या हाताच्या मापापेक्षा बरंच लहान होतं.

त्यानं गाठोडं खाटेवर ठेवलं. "आईनं ठेवलं होतं," तो म्हणाला.

विमला उठून बसली. तिनं वरचा तुकडा घेतला आणि आधी तो नाकाला लावला. जरा वेळ तसाच धरला.

"साबणाचा वास येऊन राह्यला," ती म्हणाली.

"धुतलं मी. तेल लागलं होतं मशीनचं."

तिनं दुसरा तुकडा घेतला, तोही नाकाला लावला. मग तिसरा. शेवटी तिनं पिवळा तुकडा खिडकीकडं धरला. उन्हात सगळी भोकं दिसली. ओळीनं, डुलत गेलेली, वरून खाली, खालून वर. विमला शिवणकाम जाणत होती. तिला विचारावं लागलं नाही. ती बापाकडं बघत राहिली आणि तो जमिनीकडं.

"ह्याच्यावर शिकला काय, बाबा?"

"हौ."

गोदाबाई मागं उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. पुढं झाल्या, लेकराला उचललं, आणि विमलानं तो पिवळा तुकडा खाटेवर पसरला. लेकरू त्यावर ठेवलं. ते जरा कुरकुरलं, मग गप्प झालं.

"मी कधी येऊ, बाबा?" विमलानं विचारलं.

"ये ना. सव्वा महिन्यानं ये. घर तुहंच हाये."

"हौ, येईन," ती म्हणाली.

ती येईल, चार दिवस राहील, परत जाईल. लेकी तशा येतातच. जे त्या घरात व्हायचं होतं ते दुसरीकडं होऊन गेलं, हे दोघांनाही कळत होतं. त्यानं लेकराच्या मुठीला एक बोट लावलं. हात थरथरत होता, म्हणून लगेच काढून घेतला.

भरवेलीला पोचला तेव्हा अजून उजेड होता. रुख्माबाई उंबऱ्यावर वाट बघत होती. तिला सांगायचं ते सांगून तो आत गेला. मशीनसमोर थोडा वेळ उभा राहिला. मग पेटीवरचं अनुसयाचं लुगडं घेतलं, एकदा झटकलं, आणि मशीनवर झाकून टाकलं.

"काहून?" रुख्माबाईनं बाहेरून विचारलं. तिनं कापडाचा आवाज ऐकला होता. "आता तं हात बसला तुमचा."

"हौ," शालिकराम म्हणाला. "बसला."

आणि तो चूल पेटवायला वाकला.